राखोळीचे वासरू आणि कादंबरीचा शेवट

दिवाळीच्या अंकात टीकालेख म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची फोड, असे म्हणून आमच्या घरी माझी थट्टा करतात. तेव्हा आरंभीच सांगून टाकते की हा लेख कोणा लेखकावर शस्त्र उगारण्यासाठी लिहिलेला नाही. यात जे काही कडू आहे, ते बहुतेक माझ्याच एका कादंबरीच्या वाट्याला यायचे आहे. बाकी वसुबारसेने ज्या सणाला आरंभ होतो, त्या सणाच्या अंकात गाय-वासरांविषयी, पाडसांविषयी आणि कुत्र्याच्या पिलांविषयी चार शब्द लिहिले तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आमच्या केज तालुक्यात, आणि तसे पाहिले तर साऱ्या बीड जिल्ह्यातच, दसरा झाला की गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. बैल असतील तर तेही गाडीला जुंपून नेले जातात. मागे उरतात म्हातारी माणसे, शाळेत जाणारी पोरे, शेळ्या-कोंबड्या आणि एखादे वर्षा-दीड वर्षाचे वासरू, जे फडावर नेऊन उपयोग नाही आणि विकायचा जीव होत नाही. असे वासरू मग शेजारी कोणाकडे तरी राखोळीला टाकतात. राखोळी म्हणजे दुसऱ्याचे जनावर ठरावीक मुदतीसाठी आपल्या दावणीला बांधून सांभाळणे. त्याचे काही पैसे ठरतात, शेण सांभाळणाऱ्याचे, आणि पाडव्याच्या सुमारास धनी परत आला की जनावर ज्याचे त्याला. या व्यवहाराला कागद नसतो. शहरांतल्या प्राणिप्रेमी मंडळींनी अलीकडे निवाऱ्यातली अनाथ पिले काही आठवडे घरी सांभाळून परत देण्याची जी रीत सुरू केली आहे, तिच्याबद्दल मी प्रथम ऐकले तेव्हा मला नवल वाटले नाही. ही तर आमची राखोळीच.

अशाच एका वासरावर मी काही वर्षांपूर्वी कादंबरी लिहिली. नाव सांगत नाही. ती फारशी कोणी वाचलेली नाही. कथा अशी की एक म्हातारी शेजारणीचे वासरू राखोळीला घेते. आधी पैशासाठी घेते, मग तिला त्याचा लळा लागतो. मार्चमध्ये अवकाळी पाऊस येतो, धनी परतायला आठ दिवस उरलेले असताना वासरावर वीज पडते, आणि म्हातारी दावे हातात घेऊन बसून राहते. कादंबरी तिथे संपते. एका परीक्षणात या शेवटाला ‘विलक्षण करुण’ म्हटले होते आणि ते कात्रण मी जपून ठेवले होते.

2023 च्या जानेवारीत एका शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या शाळेत, मी हे शेवटचे प्रकरण सातवीच्या वर्गाला वाचून दाखवले. मुली डोळे पुसू लागल्या. मला, खोटे कशाला बोलू, बरे वाटले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते आणि तो हंगामी वसतिगृहात राहत होता.

“बाई, वासरू कामून मेलं?”

“वीज पडली ना रे.”

“ते कळलं. पण कामून? मालक तर येणारच व्हता ना पाडव्याला?”

मी मास्तरकीचे उत्तर दिले. आयुष्यात असे होते, लेखकाला खरे लिहावे लागते, वगैरे. तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी वसतिगृहातल्या मावशींनी सहज सांगितले की त्या रात्री त्या मुलाने त्यांच्या फोनवरून आईला तीनदा फोन लावला होता. ती फडात असावी. तिने उचलला नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला. वीज पडते हे खरे. मराठवाड्यात ती दर साल माणसांवर आणि जनावरांवर पडते. पण माझ्या कादंबरीत ती आभाळातून पडली नव्हती. माझ्या लेखणीतून पडली होती. मला शेवट हवा होता आणि परत देण्याचा शेवट कसा लिहावा हे मला ठाऊक नव्हते. म्हणून मी वासरू मारले. ही अडचण माझ्या एकटीचीच आहे की आपल्या कथावाङ्मयाची जुनी खोड आहे, हे पाहण्यासाठी मी ओळखीची पुस्तके पुन्हा एकवार वाचायला काढली. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

सर्वांत जुनी कथा आम्ही सगळ्यांनीच कीर्तनात ऐकलेली आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरत राजा राज्य सोडून गंडकीच्या तीरी तप करीत बसला आहे. पाणी प्यायला आलेली गाभण हरिणी सिंहाची गर्जना ऐकून नदीत उडी घेते, पाडस प्रवाहात पडते आणि ती मरते. भरत पाडसाला उचलून आश्रमात आणतो. पुढे त्याचे तप सुटते, नित्यनेम सुटतो. पाडस दृष्टीआड झाले की त्याचा जीव खालीवर होतो, आणि अखेर त्याच्याच ध्यासात प्राण गेल्यामुळे तो पुढच्या जन्मी हरीण होतो. कीर्तनकार बुवा या कथेवरून आसक्ती वाईट असे सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मला मात्र लहानपणी त्या कथेचा राग येई. बुडते पाडस काढले म्हणून शिक्षा? आता पुन्हा वाचताना कळले की पाडस उचलले यासाठी भरताला कथा दोष देत नाही. ते चरू लागले, धावू लागले, त्याला रान कळू लागले, तरीही भरताने त्याला मनातून सोडले नाही, इथे त्याची चूक झाली. पाडस रानाचे होते. भरताकडे ते राखोळीला आले होते. मुदत भरली तेव्हा त्याने दावे सोडले नाही, आणि कथाकाराने त्यालाच त्या दाव्याला बांधले.

दुसरी कथा कालिदासाची. शाकुंतलाचा चौथा अंक आपण मुलीच्या पाठवणीचा अंक म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. पण त्यात सांभाळलेल्या जिवांच्या दोन पाठवण्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत, इकडे माझे लक्ष आजवर गेले नव्हते. कण्व हा शकुंतलेचा जन्मदाता नव्हे. मेनकेने टाकलेली, पाखरांनी राखलेली पोर त्याने उचलून वाढवली. आता ती निघाली आहे, आणि तिचे वस्त्र मागून कोणी ओढते. पाहावे तो तिनेच वाढवलेले हरणाचे पिलू. त्याची आई ते जन्मताच गेलेली. दर्भाच्या टोकाने त्याचे तोंड खरचटले तेव्हा शकुंतलेने इंगुदीचे तेल लावले, मूठ मूठ सावे भरवले. त्याला ती समजावते की आता बाबा तुझी काळजी घेतील. जिला एकाने सांभाळले ती दुसऱ्याला सांभाळून आता तिसऱ्याच्या स्वाधीन करते आहे, आणि तो तिसरा पुन्हा पहिलाच आहे. इतकी साधी आणि इतकी पक्की रचना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

अंकाच्या शेवटी कण्वाला हलके वाटते. मुलगी म्हणजे दुसऱ्याची ठेव, ती ज्याची त्याला पोचती केली, अशा अर्थाचे तो बोलतो. या बोलण्यावर आज आम्हा बायकांनी आक्षेप घ्यावा हे योग्यच आहे. मुलगी ही कोणाची ठेव नव्हे. मी माझ्या मुलीला तसे कधी म्हणणार नाही. परंतु हेच वाक्य मुलीवरून काढून त्या पिलावर ठेवून पाहा. तिथे ते नेमके बसते. राखोळीच्या जनावराबद्दल याहून खरी भावना नाही. दुःख आहे, आणि त्याच क्षणी मन मोकळेही आहे. कालिदासाने शब्द योग्य शोधला. तो चुकीच्या जिवाला लावला, एवढेच.

आता आपल्या काळाकडे येते. मराठी वाचकांच्या तीन पिढ्यांना ज्या पुस्तकाने रडवले ते ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही मूळ अमेरिकन कादंबरी 1938 ची. राम पटवर्धन यांनी ती अशी मराठीत आणली की फ्लॉरिडाच्या रानातली ती वस्ती आपल्याला परकी वाटत नाही. ज्योडीच्या बापाला सर्पदंश होतो. विष उतरवायला तो एक हरिणी मारतो आणि तिचे पाडस पोरके होते. ज्योडी ते घरी आणतो. वर्षभराने तेच पाडस कोवळा मका खाऊन टाकते. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो. पाडस उडी मारून आत जाते. अखेर आईने झाडलेल्या गोळीने ते जखमी होते आणि ज्योडीला स्वतःच्या हाताने ते संपवावे लागते.

हा मृत्यू आणि माझ्या वासराचा मृत्यू मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि मला माझी शरम वाटली. ‘पाडस’मधला मृत्यू पहिल्या पानापासून चालत आलेला आहे. बाप बुंधा उपटताना जायबंदी झालेला, म्हणून कुंपणाचे काम पोराच्या अंगावर. घरात दुसरे धान्य नाही, म्हणून मका गेला तर उपासमार. शेजार दूर आणि तोही भांडकुदळ. मागची एक गोष्ट बदलली असती तर पाडस वाचले असते, आणि प्रत्येक गोष्ट का बदलता आली नाही हे लेखिकेने दाखवले आहे. माझ्या वासराच्या बाबतीत मागचे काहीच बदलायला नको. फक्त वीज न पडली म्हणजे झाले. ज्या मृत्यूला कथेत कोणी जबाबदार नाही, त्याला लेखक जबाबदार असतो. तो मुलगा हेच विचारीत होता.

तरीही ‘पाडस’ने आपल्या लेखकांचे एक नुकसान केले आहे असे मी भीतभीतच म्हणते. दोष त्या पुस्तकाचा नव्हे, आमच्या वाचनाचा. त्यातून आम्ही एवढेच उचलले की माणूस आणि मुके जनावर यांच्या मायेला शेवट एकच, मरण. आणि त्या मरणातून पोर शहाणे होते. पण ‘पाडस’मध्ये मरण अटळ झाले ते त्या पाडसाला नेऊन पोचवण्याजोगी दुसरी जागाच नव्हती म्हणून. जिथे अशी जागा आहे, धनी आहे, रान आहे, तिथेही आम्ही मरणच आणून बसवतो.

जागा असली म्हणजे काय होते, हे जॉय अ‍ॅडमसन यांच्या एल्सा सिंहिणीच्या पुस्तकात पाहावे. ‘बॉर्न फ्री’ हे पुस्तक 1960 चे. केनियात 1956 साली त्यांच्या पतीच्या हातून एक सिंहीण मारली गेली आणि तिचे तीन बछडे घरी आले. दोघींची रवानगी हॉलंडमधल्या प्राणिसंग्रहालयात झाली. एल्साला मात्र शिकार शिकवून रानात सोडायचे ठरले. पुस्तकाचा सर्वांत चांगला भाग मला वाटतो तो या शिकवणीचा. सोडून यायचे, पुन्हा पाहायला जायचे, ती उपाशी आणि आजारी सापडली की परत आणायचे, जागा बदलायची आणि पुन्हा सोडायचे. परत देणे ही निरोपाची एक संध्याकाळ नसते. ते महिनोन्‌महिने चालणारे काम असते. अ‍ॅडमसनबाईंचे लिखाण कुठे कुठे भाबडे होते, सिंहिणीच्या मनातले आपल्याला सारे कळते असे त्यांना वाटते. पण काम त्यांनी टाळलेले नाही आणि वाचकालाही टाळू दिलेले नाही.

मराठीत या बाबतीत मला विलास मनोहर यांच्या ‘नेगल’चा फार आधार वाटतो. बाबा आमट्यांनी 1973 साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आमटे व त्यांच्या सोबत्यांकडे शिकारीत आई गमावलेली पिले येऊ लागली. माडिया माणसे भुकेपोटी शिकार करीत. त्यांना उपदेश न करता पिलाच्या बदल्यात धान्य देऊन ते जगवायचे, अशी तिथली सुरुवात. ‘नेगल’ हे त्या प्राण्यांच्या सहवासाचे पुस्तक, आणि ते नाव एका बिबळ्याचे. या पुस्तकातले प्राणी माणसाचे सोंग घेत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. लेखक त्यांच्या तोंडी विचार घालीत नाही. ते काय करतात ते पाहून सांगतो. तिथे आलेले पुष्कळसे प्राणी परत रानात गेले नाहीत. माणसाच्या हातावर वाढलेल्या हिंस्र जनावराला माणसाचे भय उरत नाही, आणि असे जनावर गावाजवळ सोडणे त्याच्याही जिवावर बेतते. म्हणजे ही राखोळी जन्माची झाली. परत न देण्याचेही एक प्रामाणिक कारण असू शकते, हे ‘नेगल’ने मला शिकवले. ते कारण प्राण्याकडून आले पाहिजे, आपल्या लळ्यातून नव्हे.

आमच्याच जिल्ह्यात, एकाच शिरूर कासार तालुक्यात, या दोन्ही रीती नांदतात. दहिवंडीचे शब्बीर सय्यद गाईगुरे जन्मभर सांभाळतात. त्यांना 2019 साली पद्मश्री मिळाली. तागडगावच्या ‘सर्पराज्ञी’त सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य जखमी वन्य प्राण्यांवर उपचार करते आणि बरे झालेले प्राणी रानात सोडते. तिसरी रीत जुन्नरची. ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याचे बछडे सापडतात. पूर्वी लोक ते उचलून आणीत. आता वन खाते आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राची मंडळी बछडे तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि दूर थांबतात. पुष्कळदा रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. तिथे राखोळीची मुदत अवघी काही तासांची. कायद्यानेही वन्य प्राण्याचे पिलू घरी ठेवता येत नाही, 1972 पासून. तेव्हा वाचकांनी या लेखावरून हरणाचे पाडस उचलून आणू नये. सापडले तर वन खात्याला कळवावे.

इथवर सारे पुस्तकी झाले. पुस्तकांनी मला माझी चूक दाखवली, पण लिहावे कसे ते दाखवले नाही. ते दोन कुत्र्याच्या पिलांनी दाखवले.

2023 च्याच पावसाळ्यात एका निवाऱ्याची मंडळी दोन पिले घेऊन आमच्या दारी आली. आई रस्त्यावर वाहनाखाली गेलेली, पिलांचे डोळे नुकतेच उघडलेले. निवाऱ्यात आजारी कुत्री येतात, आणि लस टोचण्याआधीच्या पिलांना तिथे पार्व्होसारखा रोग झाला की ती वाचत नाहीत. म्हणून सहा-सात आठवडे ती कोणाच्या तरी घरी वाढवायची आणि मग पहिली लस देऊन कायमच्या घरी पाठवायची, असा त्यांचा शिरस्ता. मी राखोळीवर कादंबरी लिहिलेली बाई. नाही कशी म्हणणार?

मला वाटले होते की मला सगळे येते. काही येत नव्हते. गाईचे दूध पिलांना सोसत नाही हे मला ठाऊक नव्हते. कुत्रीचे दूध त्याहून पुष्कळ घट्ट असते. नुसत्या गाईच्या दुधाने हगवण लागते आणि पोटही भरत नाही. मंडळींनी दुधाची भुकटी दिली होती. दर तीन-चार तासांनी उठायचे, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवायची, कारण इतक्या लहान पिलाला स्वतःची ऊब धरता येत नाही. पाजताना पिलू पालथे, आईला लुचते तसे धरायचे, हेही त्यांनी सांगितले होते. तिसऱ्या रात्री झोपेत मी एकाला बाळासारखे उताणे मांडीवर घेऊन पाजले. दूध छातीत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

त्या मरणात मला कुठेही कारुण्याचा सूर सापडला नाही. एक चूक होती, ती मी केली होती, आणि दुसरे पिलू दर तीन तासांनी ओरडत होते. माझी मुलगी मला काही बोलली नाही. तिने फक्त त्या दिवसापासून रात्रीचे पाजणे स्वतःकडे घेतले.

उरलेली पिल्ली सात आठवड्यांची झाली. तिने माझ्या दोन वह्या आणि यजमानांची एक चप्पल खाल्ली. तिला नाव ठेवायचे नाही असे आम्ही ठरवले होते आणि घरात तिघांनी तिला तीन नावे ठेवली होती. ठरल्या दिवशी मंडळी आली. तिला घेणारे कुटुंब सोबत होते. त्यांच्यात एक आजोबा होते, ते ओट्यावर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. पिल्ली त्यांच्याकडे गेली. हात चाटला, धोतराचा सोगा ओढला आणि त्यांच्याबरोबर गाडीत चढली. तिने मागे वळून पाहिले नाही.

मी तिथे उभी राहून तिच्या वळून पाहण्याची वाट पाहत होते, हे मला गाडी गेल्यावर कळले. पुस्तकात ती वळून पाहते. माझ्या जुन्या लेखणीने तिला नक्की वळवले असते. पण माणसाच्या हातावर न घाबरता जाणारे पिलू तयार करायचे, हेच तर आम्हाला नेमून दिलेले काम होते. ते झाले होते. मुलगी चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी तिने टोपली धुऊन उन्हात ठेवली आणि पुढची पिले कधी येणार असे विचारले.

तेव्हा मला माझ्या कादंबरीत काय लिहायचे राहून गेले ते उमजले. जिवाला जीव लावणे आपल्या वाङ्मयात भरपूर आहे. हंबरडे तर विपुल आहेत. टोपली धुऊन उन्हात ठेवणे नाही. परत दिल्यानंतरची ती सकाळ, दावण रिकामी, शेण काढायचे काम नाही, हात सवयीने पेंडीकडे जातो आणि थांबतो, हे मी लिहिलेच नव्हते. ते सोपे नाही. मरण लिहिले की वाचक स्वतःच रडतो, लेखकाला फारसे काही करावे लागत नाही. परत देणे लिहायचे तर दोन्ही बाजूंचे लिहावे लागते. घेऊन जाणाऱ्याचा आनंद खरा वाटला पाहिजे आणि देणाऱ्याचा रिकामा हातही. त्यात कोणी दुष्ट नसतो. कोणावर वीज पाडता येत नाही.

कोणी म्हणेल, मुलांना रडू येऊ नये म्हणून कथा गोड करायची काय? मुळीच नाही. ‘पाडस’ मी आजही वर्गात वाचायला देते. प्रश्न गोडाचा नाही, खऱ्याचा आहे. आमच्या वर्गातली कितीतरी मुले दर साल पाच-सहा महिने कोणाच्या तरी आधाराने राहतात; आजीकडे, चुलत्याकडे, वसतिगृहात. त्यांच्यासाठी राखोळी ही कल्पना नव्हे. त्यातली बहुतेक मुले पाडव्याच्या सुमारास आईला परत भेटतात, हे सत्य आहे. अपवाद घडतात आणि ते लिहिलेच पाहिजेत. पण अपवाद लिहायचा तर तो ‘पाडस’सारखा पै-पैच्या हिशोबाने लिहावा. निव्वळ टाळीसाठी नियम मोडून अपवाद दाखवणारी कथा मुलांशी खोटे बोलते. मी त्या शनिवारी वर्गात खोटे बोलले होते.

2024 सालच्या दिवाळीच्या सुटीत मी ते शेवटचे प्रकरण पुन्हा लिहिले. आता वीज नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण येते, पैसे मोजून देते, वासरू सोडून नेते. म्हातारी दावे गुंडाळून खुंटीला लावते. एवढेच. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल.

तो मुलगा तेव्हा नववीत होता. त्याचे आईवडील त्या सालीही तोडीला गेले होते. शाळा उघडल्यावर मी हस्तलिखिताची ती पाने त्याला वाचायला दिली. दोन दिवसांनी त्याने परत आणून दिली, घडी न मोडता.

“चांगलं हाय, बाई,” तो म्हणाला. “पण एक चुकलं.”

“काय रे?”

“पाच महिन्यानं वासरू मोठं व्हतं. मालकीण आल्या-आल्या त्याला वळखणार नाही. थोडा येळ बघत राहील, मग वळखील.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. मी ती दुरुस्ती केली आहे.